घरपट्टी तिप्पट आली, हरकत घ्यायला एजंट लावावा का? १२ हजार मागतोय

गच्चीवरचा

नमस्कार मंडळी, वैतागून लिहितोय आणि लांब लिहितोय, सांभाळून घ्या.

आमचा नाशिकला टू बीएचके आहे, २०२१ ला रीसेलमध्ये घेतला. घरपट्टी वर्षाला ५,३६० यायची आणि मी ती एप्रिलमध्येच भरून मोकळा व्हायचो कारण आगाऊ भरली की सवलत मिळते. यंदा बिलाच्या आधी एक नोटीस आलीये, वर ठळक अक्षरात विशेष नोटीस लिहिलंय, करयोग्य मूल्य वाढवलंय असं त्यात आहे आणि खाली मांडलेला हिशेब बघितला तर वर्षाचे १६,८४० होतायत. तिप्पट राव! घर तेच, भिंती त्याच, नळाला पाणी पण तेवढंच, आणि माणसं म्हणाल तर आई गेल्यापासून एक कमीच झालंय. क्षेत्र ८८.१५ चौ.मी. लिहिलंय, माझ्या सूची दोनवर (खरेदीच्या नोंदणीचा उतारा) कार्पेट ६२.४० आहे.

आमच्या अपार्टमेंटच्या चेअरमननी एकाचा नंबर दिला. तो काल संध्याकाळी घरी येऊन गेला, चहा घेतला, नोटीस उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाला साहेब तुम्ही काही करायचं नाही, फक्त इथे सही करा, बाकी आपली ओळख आहे. १२ हजार आधी, रोख. वर पहिल्या वर्षी जेवढी कमी होईल त्याचे ३० टक्के नंतर. पावती द्याल का विचारलं तर हसला, म्हणे ह्या कामाला पावती नसते.

रात्री मावसभावाशी बोलणं झालं, तो टेक्सासला असतो. तो म्हणतो अरे आमच्याकडे हे कॉमन आहे, दरवर्षी कंपनीला देऊन टाकतो, जे वाचेल त्यातले टक्के ते घेतात, तू पण देऊन टाक. बायको म्हणते बारा हजार त्याला देण्यापेक्षा टॅक्सच भर, निदान पावती तरी मिळेल. दोघांचंही पटतंय म्हणून जास्त घोळ झालाय.

तर एजंट लावावा का, वकील करावा, का स्वतः जमतं? ५०० फुटांपर्यंत माफ झालं होतं ना, त्यात काही बसतं का? आणि साडूच्या म्हणण्याप्रमाणे पुण्यात स्वतः राहत असलो की ४० टक्के सूट असते, ती इकडे कुठे मागायची? नोटीस येऊन आज सहावा दिवस आहे.

दोन_चमचे_तर्री

भाऊ, पावती नाही तिथं काम पण नसतं, एवढं धरून चला.

आमच्या ऑफिसातल्या एकाने अशाच एका ओळखवाल्याला आठ हजार दिले होते. चार महिने रोज फोन, "फाइल वर गेलीये, साहेब रजेवर आहेत, सही राहिलीये फक्त". शेवटी हा स्वतः जाऊन बघतो तर काय, त्या भल्या माणसाने अर्धं पान अर्ज टाकला होता आणि त्यावर मिळकतीचा इंडेक्स नंबर दुसऱ्याच फ्लॅटचा. मुदत केव्हाच निघून गेलेली. शिवाय "आता भरू नका, भरलं तर मान्य केल्यासारखं होतं" असा सल्लाही त्यानेच दिला होता, त्यामुळे थकबाकीवर महिन्याला दोन टक्क्यांनी शास्ती, म्हणजे दंड, चढत राहिली. आठ हजार गेले ते गेले, वर ही शास्ती.

जुना_कारकून

मी एका महापालिकेच्या कर विभागात ३१ वर्षं काढली, नाशिकच्या नाही, पण कायदा तोच आहे. मुंबई सोडली तर राज्यातल्या सगळ्या महापालिकांना १९४९ चा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम लागतो आणि घरपट्टीची आकारणी त्यातल्या अनुसूची ड मधल्या नियमांनी होते. त्यामुळे थोडं अधिकारवाणीने बोलतो, राग मानू नका.

पहिली गोष्ट, हे वाचून झाल्यावर नाही, आधी अर्ज टाकून या. विशेष नोटीस ही नुसती बातमी नसते, हरकत घ्यायची तुमची संधी असते ती. किती दिवसांत घ्यायची ते नोटिशीतच छापलेलं असतं आणि ते दिवस नोटीस हातात पडल्यापासून मोजतात. सहा गेलेत. एजंटशी घासाघीस करण्यात आणखी चार जातील. अर्ज साध्या कागदावर चालतो, दोन प्रती काढा, एक आवक विभागात द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेतल्याशिवाय तिथून हलू नका. तो शिक्का म्हणजे तुमचा वकील समजा. मुद्दे सगळे आत्ताच लिहिले पाहिजेत असं नाही, "आकारणी मान्य नाही, वापर व क्षेत्र याबाबत हरकत आहे, मोजमाप पत्रकाची प्रत मिळावी व सुनावणीची संधी द्यावी" एवढं लिहिलं तरी मुदत सांभाळली जाते.

आता तुमचे आकडे बघू, कारण मला त्यात गंमत दिसतेय.

आकारणी अशी होते. घर भाड्याने दिलं तर वाजवी भाडं किती येईल ते धरायचं, म्हणजे चौरस मीटरला महिन्याचा एक ठरलेला दर, गुणिले क्षेत्र, गुणिले बारा. हे वार्षिक भाडेमूल्य. त्यातून दुरुस्तीखर्चापोटी दहा टक्के वजा केले की करयोग्य मूल्य, आणि त्यावर सामान्य कर, पाणी, मलनिस्सारण वगैरेचे टक्के. म्हणजे क्षेत्र जितक्या पटीत वाढेल तितक्याच पटीत घरपट्टी वाढते, जास्त नाही. तुमचं क्षेत्र ६२.४० चं ८८.१५ झालं, म्हणजे सव्वापटीपेक्षा जास्त, दीडपटीपेक्षा कमी. ५,३६० ला त्या पटीत वाढवलं तर साडेसात हजारांच्या आसपास थांबायला हवं होतं. तुम्हाला आलेत १६,८४०. उरलेले नऊ हजार क्षेत्राने आलेले नाहीत, दराने आलेत. दर बदलायचं एक कारण म्हणजे जुन्या मिळकतीला फेरआकारणीत नवा दर लागणं. पण माझा अनुभव विचाराल तर वापराचा रकाना आधी बघा. तिथं "निवासी" च्या जागी "भाडेकरू" किंवा "बिगरनिवासी" पडलेलं असणार.

म्हणून विचारतो, खरं सांगा, इथे कोणी तुम्हाला ओळखत नाही. घर भाड्याने दिलंय का? घरात क्लास, पार्लर, ऑफिस, मेस काही चालतं का? आणि नाव गच्चीवरचा घेतलंय म्हणून विचारतो, टेरेस बंद केलंय का?

गच्चीवरचा

काका साष्टांग. अर्ज आज दुपारीच देऊन आलो, हाफ डे टाकून. शिक्का घेतला, फोटो काढून बायकोला पाठवला, तिने अंगठा पाठवला.

भाड्याने नाही. क्लास नाही, पार्लर नाही, मेस नाही. आम्ही दोघं आणि एक सातवीतला मुलगा जो स्वतःच एक मेस आहे.

टेरेस... हो. दहा बाय पंधराचं होतं, २०२२ च्या पावसाळ्यात स्लायडिंग आणि वर पत्रा टाकला. सगळ्यांनीच टाकलाय बिल्डिंगमध्ये. त्याचं काही होतं का?

जुना_कारकून

होतं ना. दहा बाय पंधरा म्हणजे दीडशे फूट, जवळजवळ १४ चौ.मी. तुमच्या फरकातले निम्म्याहून जास्त तिथेच गेले. उरलेले बारा गॅलऱ्या आणि बाहेरच्या भिंतींचे असतील. रेरामधलं (घरबांधणीच्या कायद्यातलं) कार्पेट म्हणजे आतलं क्षेत्र, त्यात गॅलरी आणि उघडं टेरेस धरत नाहीत, त्यामुळे सूची दोनवरचा आकडा आणि जागेवर टेप लावून आलेला आकडा कधीच जुळत नाही. कशाकशाचं माप धरलंय ते मोजमाप पत्रकात खोलीवार लिहिलेलं असतं. ते हातात आल्याशिवाय "मोजणी चुकली" म्हणून ओरडू नका.

आणि हे नीट ऐका, कारण बारा हजार घेणारा हे सांगणार नाही. हरकत घेतली की अख्खी मिळकत पुन्हा उघडी पडते, तुम्हाला पाहिजे तेवढाच भाग तपासा असं म्हणता येत नाही. क्षेत्रावर हट्ट धरलात तर माणूस पुन्हा टेप घेऊन येईल आणि पत्रा बघेल. विनापरवाना बांधकामाला कायद्यात वेगळी शास्ती आहे, कलम २६७ अ, घरपट्टीच्या दुपटीपर्यंत जाते. लपवा असं मी म्हणत नाही, विचारलं तर सरळ हो म्हणा. पण भांडण वापरावर करा. पैसे तिथेच आहेत.

ऑस्टिनचा_पंचवटीकर

धाग्यात टेक्सास आलं म्हणून हात वर करतो. मूळचा पंचवटीचा, गेली चौदा वर्षं ऑस्टिनजवळ राहतो.

गच्चीवरचे भाऊ, तुमचा मावसभाऊ खोटं बोलत नाही पण दोन्हीकडचं एकच समजतोय. इथे राज्याचा इन्कम टॅक्स नाही, त्यामुळे शाळा, काउंटी, शहर सगळं प्रॉपर्टी टॅक्सवर चालतं आणि रक्कम ऐकली तर तुम्ही तुमची नोटीस फ्रेम करून लावाल. टॅक्स घराच्या बाजारभावावर असतो, दरवर्षी १ जानेवारीचा भाव धरतात. काउंटीचं अप्रेझल डिस्ट्रिक्ट ते ठरवतं आणि वसंतात नोटीस पाठवतं. पटलं नाही तर साधारण १५ मे पर्यंत प्रोटेस्ट दाखल करायचा. आधी त्यांच्या माणसाशी चर्चा, नाही जमलं तर रिव्ह्यू बोर्डासमोर सुनावणी. राहत्या घराला होमस्टेड सूट आहे आणि करपात्र किंमत वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही असं बंधनही आहे.

आता कंपन्यांना टक्के का परवडतात, तर भांडण भावाचं असतं. आजूबाजूला कुठली घरं कितीला गेली, कुणाचं छप्पर जुनं, कुणाच्या मागे हायवे, हा डेटा त्यांच्याकडे तयार असतो आणि एकाच गल्लीतल्या चाळीस घरांचं काम ते एका दमात करतात. त्यांना राज्याकडे नोंदणी करावी लागते, लेखी करार असतो, टॅक्स कमी झाला नाही तर बहुतेकजण फी घेत नाहीत. आधी रोख मागणारा मी इथे तरी बघितला नाही. आणि एवढं सगळं असून मी स्वतः तीन वर्षं स्वतःच प्रोटेस्ट केला. पहिल्या वर्षी बाथरूमच्या गळतीचे फोटो नेले होते. समोरची बाई म्हणाली ओह नो, आणि किंमत कमी केली. पुढच्या वर्षी मी तेच फोटो परत नेले तर म्हणाली हे अजून दुरुस्त नाही केलं का, झालो गप्प.

तुमच्याकडे बाजारभाव हा प्रश्नच नाही. रेडी रेकनर, म्हणजे सरकारने ठरवलेला जागेचा भाव, वाढला म्हणून घरपट्टी वाढत नाही. जुना कारकून काका म्हणतात तसं रकाना चुकलाय का एवढंच बघायचंय, त्यासाठी डेटा नको, डोळे पाहिजेत.

त्रिमूर्ती_चौक

५०० फूटवाल्या प्रश्नाचं उत्तर कोणी दिलं नाही म्हणून देतो. ती माफी फक्त मुंबई महापालिकेच्या हद्दीत आहे, १ जानेवारी २०२२ पासून. आपल्याकडे नाही. दर निवडणुकीला कोणीतरी घोषणा करतं, आमचे वडील दरवेळी टाळ्या वाजवतात.

४० टक्के पण पुण्याचं आहे, स्वतः राहणाऱ्यांना मिळते, त्यासाठी पीटी-३ फॉर्म भरून द्यावा लागतो. नाशिकला तो फॉर्म घेऊन गेलात तर काउंटरवरचा माणूस तुम्हाला द्वारका चौकातून पुण्याची बस दाखवेल.

हां, एक मात्र राज्यभर आहे. घरात कोणी माजी सैनिक असेल किंवा सैनिकाची विधवा पत्नी असेल तर एका घराची घरपट्टी माफ होते, २०२० पासून. नाशिकमध्ये देवळालीच्या लष्करी छावणीमुळे अशी घरं पुष्कळ आणि निम्म्यांना हे माहीत नसतं. आमच्या शेजारच्या सुभेदार काकांनी तीन वर्षं उगाच भरली. (खुद्द देवळाली कॅम्पात राहत असाल तर ते कॅन्टोन्मेंट, तिथला कारभार वेगळा.)

आणि शेजारच्या बिल्डिंगशी तुलना करत बसू नका प्लीज. २०१८ आठवतंय ना, तुकाराम मुंढे आयुक्त होते, १ एप्रिलपासून नव्या मिळकतींचे भाडेमूल्याचे दर वाढवले, मोकळ्या जमिनी पण आल्या त्यात, शेतकऱ्यांपासून बिल्डरपर्यंत सगळे रस्त्यावर. नोव्हेंबरात त्यांची बदली झाली पण दरांची भानगड मागे राहिलीच. त्यामुळे एकाच रस्त्यावर समोरासमोरच्या दोन सारख्या फ्लॅटची घरपट्टी वेगवेगळी असू शकते, एकाची आकारणी आधीची, दुसऱ्याची नंतरची. सुनावणीत "समोरच्याला कमी येते" एवढं बोलून काही होत नाही. दर चुकीचा आहे म्हणायचं तर तो सभेत आणि कोर्टात लढायचा विषय, तुमच्या एका अर्जाने दर बदलणार नाही.

काळा_कोट_सीबीएस

वकील आहे, सीबीएसला (मध्यवर्ती बसस्थानकाजवळ) जिल्हा न्यायालयात प्रॅक्टिस करते. माझ्याच पोटावर पाय देऊन सांगते, ह्या टप्प्याला वकील लागत नाही.

ते ३० टक्क्यांचं आधी. तो माणूस स्वतःला वकील म्हणवत असेल तर त्याला आमच्या बार कौन्सिलचे नियम दाखवा. निकालावर अवलंबून फी ठरवायला वकिलाला मनाई आहे. वकील नसेल तर तो कुठल्या अधिकाराने तुमच्या वतीने उभा राहणार हे लेखी घ्या, आणि कोऱ्या कागदावर सही चुकूनही देऊ नका. "फक्त इथे सही करा" हे वाक्य ऐकलं की माझ्या कपाळावर आठ्या येतात, अशा सह्यांच्या जोरावर काय काय झालेलं आम्ही कोर्टात बघतो.

दाद कुठे मागायची याचा क्रम सांगते. आधी महापालिकेकडे हरकत, त्यावर सुनावणी, त्यावर लेखी निर्णय. तो मान्य नसेल तर कलम ४०६ खाली न्यायालयात अपील, आपल्याकडे दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर. इथे तीन दगड आहेत ज्यांना लोक ठेचकाळतात. अपिलाची मुदत १५ दिवस, म्हणजे "गणपती झाले की बघू" चालत नाही. आधी हरकत घेतलेली नसेल आणि तिचा निकाल लागलेला नसेल तर अपील ऐकूनच घेत नाहीत. आणि वादातली रक्कम आधी महापालिकेत जमा करावी लागते. हे तिसरं ऐकल्यावर निम्मी मंडळी उठून जातात.

त्यामुळे पैसे भरायचे का, तर हो, भरा. घरपट्टी सहामाही असते, १ एप्रिल आणि १ ऑक्टोबर. बिल आलं की भरा आणि सोबत एक पत्र द्या की हरकतीचा निर्णय प्रलंबित आहे, हक्क राखून रक्कम भरत आहे. भरलं म्हणजे मान्य केलं असं नसतं, ते तर्रीवाल्या दादांच्या मित्राला कोणीतरी चुकीचं सांगितलं.

माझ्याकडे कधी यावं? मोठा बंगला, व्यावसायिक गाळे, जुन्या वर्षांची थकबाकी एकदम लावलीये, वारसांमध्ये वाद आहे, किंवा हरकत फेटाळली आणि निर्णयात कारणच दिलं नाही. मोजमापाचंच भांडण असेल तर वकिलाच्या आधी आर्किटेक्ट गाठा, त्याने लेझर मीटरने मोजून सही-शिक्क्याचा नकाशा दिला तर तो माझ्या दहा पानी अर्जापेक्षा जड असतो. त्याची पावती मिळते.

दोन_चमचे_तर्री

ताई, सीबीएसला वकील आणि "माझ्याकडे येऊ नका" म्हणणारी, तुमचा पुतळा उभारला पाहिजे 😄

काळा_कोट_सीबीएस

पुतळ्याची पण घरपट्टी लावतील, राहू द्या.

रविवार_कारंजा

मोजमाप पत्रक मागून मिळालं नाही तर माहिती अधिकारात टाका. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावलेला अर्ज, ३० दिवसांत उत्तर, पानाला दोन रुपये. पण सुनावणी त्याच्या आधी लागली तर कागद न बघता जाऊ नका, पुढची तारीख लेखी मागा. मी असाच बिनकागदाचा गेलो होतो, समोरचा माणूस फाइल बघून बोलत होता आणि मी त्याचं तोंड बघून.

गच्चीवरचा

मंडळी अपडेट. नऊ दिवसांनी लिहितोय, मध्ये मुलाची परीक्षा होती.

आधी तो एजंट. त्याला फोन करून सांगितलं की अर्ज मीच दिलाय, तर म्हणाला आता तुमचं काम बिघडलं साहेब, आता वीस लागतील. मी म्हटलं बरं. ठेवला.

मग शुक्रवारी जाऊन मोजमाप पत्रक बघितलं. क्लार्क चांगला होता, खुर्ची दिली, फाइल समोर ठेवली. एक निळ्या शाईचं आडवं पान, खोल्यांची मापं, हॉल, किचन, दोन बेडरूम, गॅलरी, आणि "टेरेस (बंदिस्त)" अशी स्वतंत्र ओळ. कारकून काका, १३.९४ लिहिलंय हो! तुम्ही काय चीज आहात.

आणि मग वापराचा रकाना. लिहिलंय, बिगरनिवासी, आणि शेरा, "ब्युटी पार्लर, फलक आढळला".

मी त्याला म्हणालो अहो पार्लर कुठलं, आमच्याकडे आरसा पण एकच आहे. त्याने पान उलटलं. मागे फोटो स्टेपल केलेला. खालून रस्त्यावरून काढलेला, आमची गॅलरी, आणि ग्रिलला आडवा बांधलेला गुलाबी बोर्ड, अर्धा पुसलेला पण वाचता येतो, ब्रायडल मेकअप, थ्रेडिंग, फेशियल.

आता कबूल करतो. ज्यांच्याकडून घर घेतलं त्यांनी भाडेकरू ठेवला होता आणि त्या बाई पार्लर चालवायच्या. जाताना बोर्ड माळ्यावर राहिला. कबुतरांनी गॅलरीत उच्छाद मांडला तेव्हा जाळी लावायला माणूस साडेतीन हजार म्हणाला, म्हणून मीच तो बोर्ड उतरवून सुतळीने ग्रिलला बांधला, म्हटलं जाड आहे, चांगला आडोसा होईल. अक्षरं बाहेरच्या बाजूला ठेवली कारण आतून बायकोला ती गुलाबी बाई बघायची नव्हती. सर्व्हेवाले आले तेव्हा दार बंद होतं, आम्ही दोघं कामावर, टेरेस म्हणे शेजारच्यांच्या टेरेसवरून मोजलं. त्याने जे दिसलं ते लिहिलं, त्याला काय बोलणार.

तर काका, सुनावणी पुढच्या गुरुवारी आहे. काय काय नेऊ? आणि बोर्ड काढलाय हे सांगू का आधीपासून पार्लर नव्हतंच हे सांगू?

जुना_कारकून

३१ वर्षांत कबुतरांमुळे बिगरनिवासी लागलेली पहिली केस. जीव सुखावला.

दोन्ही सांगा, पण क्रमाने. आधी "घर घेतल्यापासून आम्हीच राहतो, व्यवसाय कधीच नव्हता", मग फलक तिथे कसा आला ते, मग काढल्याचा फोटो. तोंडाने कमी, कागदाने जास्त. २०२१ चं खरेदीखत, विजेची बिलं घ्या, त्यावर ग्राहकाचा वर्ग निवासी छापलेला असतो, पार्लर चालत असतं तर वीज कंपनीने आधी पकडलं असतं. आधार, मुलाच्या शाळेचा पत्ता असलेला कागद, अपार्टमेंटच्या लेटरहेडवर चेअरमनचं पत्र की ह्या सदनिकेत मालक स्वतः राहतात. चेअरमन देतील, एजंटचा नंबर दिला त्याची भरपाई म्हणून मागा. घरातले आजचे फोटो काढा, तारखेसह. आणि शेवटी लेखी विनंती करा की जागेची पुन्हा पाहणी करावी, आणि त्या दिवशी घरी कोणीतरी थांबा. दार बंद असलं की माणूस खालूनच बघतो, त्यालाही दिवसाला घरं पुरी करायची असतात.

टेरेसची ओळ राहू द्या. ती खरी आहे.

गच्चीवरचा

झाली सुनावणी! सात मिनिटं. त्यातली चार मिनिटं साहेब फोटो बघून हसत होते. पाहणीला माणूस मंगळवारी आला, बायकोने रजा टाकली होती, त्याला सगळ्या खोल्या दाखवल्या, मोरीसुद्धा. त्याने वर पत्र्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, काही बोलला नाही, मीही नाही.

निर्णय आज आला, लेखी, जावक क्रमांकासह. वापर निवासी केला. क्षेत्र ८८.१५ कायम. नवीन घरपट्टी ७,५७२.

म्हणजे पहिल्यापेक्षा बावीसशे जास्तच भरायचेत आणि त्यातले निम्म्याहून जास्त पत्र्याचे आहेत हे मला आता घरात रोज ऐकावं लागणार. ताई म्हणाल्या ते १५ दिवस आहेत हातात पण अपिलात जाणार नाही. माझा एकूण खर्च, झेरॉक्स ६४ रुपये, दोन हाफ डे, आणि क्लार्कला आणि मला मिळून दोन कटिंग, ते पण त्यानेच पाजले.

बोर्ड काढल्यापासून कबुतरं परत आलीयेत. जाळीवाल्याचा चांगला नंबर असेल तर द्या, पावती देणारा.